विश्लेषण : बास गिटारचे तुकडे जोडता आले, वादकाचे काय? जाको पास्टोरियस आणि ‘बास ऑफ डूम’ची कहाणी

जुनी, रंग उडालेली बास गिटार नव्याने रंगवावी की आहे तशीच ठेवावी, हा वादकांमधला कधीही न संपणारा वाद आहे. जगातल्या सर्वात प्रसिद्ध बास गिटारबाबत मात्र हा वाद घालायला जागाच उरली नाही. तिचे पडदे काढले गेले, पट्टीवर बोटींना लावायचे एपॉक्सी चढले, तिचे तुकडे झाले, ते जोडून वरून नवे लाकूड आणि नवा रंग चढवला गेला. मग ती चोरीला गेली आणि सुमारे वीस वर्षांनी सापडली. तोपर्यंत तिचा वादक जाको पास्टोरियस या जगात नव्हता. वयाच्या अवघ्या ३५व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. कोण होता जाको? त्याने गिटारच्या लाकडाशी असे काय केले, की बासचा आवाजच बदलला? आणि मोडलेली गिटार पुन्हा वाजती कशी झाली?

बास गिटारचे काम काय?

बँडमधला गायक किंवा लीड गिटार लगेच कानात भरते. बास गिटारचे महत्त्व ती थांबली की कळते. चार जाड तारांचे हे वाद्य गाण्याचा खर्ज सांभाळते आणि ड्रमशी जोडी जमवून लय धरते. पूर्वी हे काम डबल बास हे माणसाएवढे उंच वाद्य करायचे. ते गाडीत मावत नसे आणि गोंगाटात ऐकूही येत नसे. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास ही इलेक्ट्रिक बास गिटार बाजारात आणली आणि १९६० मध्ये जॅझ बास हे तिचे पुढचे रूप आले.

या गिटारची रचना साधी आहे. भरीव लाकडाचा एक ठोकळा, त्याला स्क्रूने जोडलेली दांडी, दांडीवर बोटे ठेवायची पट्टी आणि त्यावर स्वरांच्या जागा दाखवणारे धातूचे पडदे, म्हणजे फ्रेट. तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. म्हणजे सतारीच्या भोपळ्यासारखी पोकळी इथे लागत नाही. ही बाब लक्षात ठेवायला हवी, कारण जाकोच्या गिटारचे पुढे जे झाले त्यात तिचा मोठा वाटा आहे.

जाकोची गिटार १९६२ ची फेंडर जॅझ बास होती. त्या काळच्या सनबर्स्ट रंगाच्या जॅझ बासचे अंग आल्डर या हलक्या लाकडाचे, दांडी मेपलची आणि पट्टी रोझवूडची, म्हणजे आपल्या शिसवाच्या जातीतल्या लाकडाची असे. सनबर्स्ट म्हणजे मध्यभागी पिवळसर, कडेकडे लाल आणि काठाला काळपट होत जाणारा रंग. त्यावर पारदर्शक लॅकरचा थर.

जाको बासकडे कसा वळला?

जॉन फ्रान्सिस अँथनी पास्टोरियस तिसरा असे त्याचे भारदस्त नाव. जन्म १ डिसेंबर १९५१ चा, पेनसिल्व्हेनियातील नॉरिसटाऊनचा. वडील जॅक हे गायक आणि ड्रमवादक. जाको लहान असतानाच कुटुंब फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेलजवळच्या ओकलंड पार्कला राहायला आले. तीन भावांत जाको थोरला. समुद्र, खेळ, चर्च आणि वडिलांमुळे घरात कायम वाजणारे संगीत, असे त्याचे बालपण गेले.

वडिलांप्रमाणे त्यालाही ड्रम वाजवायचे होते. मात्र वयाच्या तेराव्या वर्षी फुटबॉल खेळताना मनगटाला जबर दुखापत झाली आणि ड्रम झेपेनासे झाले. पुढे ‘लास ओलास ब्रास’ या स्थानिक बँडमधला बासवादक निघून गेला, तेव्हा जाकोने ती जागा घेतली. हाताने ड्रम सोडले तरी डोक्यातली लय गेली नाही. त्याच्या वाजवण्यात शेवटपर्यंत ड्रमवादकाचा हिशेब दिसतो.

जॅझची गोडी वाढली तशी त्याने पैसे साठवून डबल बास घेतला. फ्लोरिडाच्या दमट हवेत ते पोकळ, पातळ लाकडाचे वाद्य सांभाळणे अवघड होते. आपल्याकडे पावसाळ्यात दारे फुगतात आणि उन्हाळ्यात त्यांना फटी पडतात, तोच प्रकार. एके दिवशी सकाळी उठून पाहतो तर वाद्याला तडा गेलेला. जाकोने त्या वाद्याचा नाद सोडला आणि भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक बासवरच सारी भिस्त ठेवली. पण डबल बासचा गोल, घसरत जाणारा स्वर त्याच्या कानातून गेला नव्हता.

पडदे का काढले?

डबल बासला पडदे नसतात. व्हायोलिनला आणि सरोदलाही नसतात. त्यामुळे बोट एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरू शकते आणि मींड घेता येते. पडद्यांच्या गिटारवर तार धातूच्या पट्टीवर टेकते, म्हणून प्रत्येक स्वर ठाशीव आणि वेगळा येतो. पडदे काढले की तार थेट लाकडावर टेकते, स्वर गोलावतो आणि त्यात माणसाच्या गळ्यासारखी आस येते. धोका एकच. बोट केसभर चुकले तरी स्वर बेसूर होतो, सांभाळून घ्यायला पडदा नसतो.

बिनपडद्याची इलेक्ट्रिक बास ही जाकोची कल्पना नव्हे. रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनने १९६१ मध्येच एका स्वस्त बासचे पडदे काढले होते. अँपेग कंपनीने १९६६ मध्ये, तर फेंडरने १९७० मध्ये अशी बास बाजारात आणली. तरीही आज फ्रेटलेस बास म्हटले की जाकोचेच नाव निघते, कारण या वाद्याने काय काय करता येते हे त्याने दाखवून दिले.

त्याच्या गिटारचे पडदे नेमके कोणी काढले, याच्या दोन कहाण्या आहेत आणि दोन्ही जाकोच्याच. एका वेळी त्याने सांगितले, की लोणी लावायच्या सुरीने आपणच ते उपटले. दुसऱ्या वेळी म्हणाला, की गिटार घेतली तेव्हाच पडदे काढलेले होते आणि काम धेडगुजरी झाले होते. पडदे गेल्यावर पट्टीवर उरलेल्या खाचा लाकडाच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने बुजवण्यात आल्या.

बोटींचे एपॉक्सी गिटारवर कशासाठी?

खाचा बुजल्या तरी दुसरी अडचण होती. जाको राऊंडवाउंड तारा वापरत असे. या तारांमध्ये पोलादी गाभ्याभोवती गोल तारेचा पीळ असतो, त्यामुळे पृष्ठभाग बारीक कानशीसारखा खरखरीत होतो. आवाज झळझळीत येतो, पण बोट घसरेल तशी ही कानस लाकडावर चालते. पडदे असतात तेव्हा हा घाव धातू झेलतो. उघड्या रोझवूडवर थोड्याच दिवसांत चरे पडू लागतात आणि चऱ्यात अडकलेली तार नीट बोलत नाही.

फ्लोरिडात बोटी भरपूर आणि बोटींच्या लाकडाला पाण्यापासून वाचवणारी रसायनेही भरपूर. जाकोने बोटींसाठी मिळणारे एपॉक्सी आणले आणि पट्टीवर त्याचे अनेक थर दिले. एपॉक्सी हे साध्या पॉलिशसारखे नसते. साध्या लॅकरमधला द्राव उडून जातो आणि मागे पातळ थर उरतो. एपॉक्सीमध्ये दोन घटक मिसळतात, त्यांच्यात रासायनिक अभिक्रिया होते आणि काचेसारखे कठीण कवच तयार होते. या कवचाने लाकूड वाचले. त्याहून मोठा फायदा असा झाला, की कठीण पृष्ठभागावर टेकलेल्या तारेची कंपने लवकर विरत नाहीत. स्वर लांबला, त्यात धार आली आणि मींडही कायम राहिली.

याच्या जोडीला जाकोची वाजवायची पद्धत. तो घोडीजवळच्या पिकअपवर भर देई आणि तिथेच तारा छेडत असे. घोडीजवळ तार ताठ असते, आवाज नाकात बोलल्यासारखा पण अत्यंत स्पष्ट येतो. रोझवूडची पट्टी, एपॉक्सीचे कवच, खरखरीत तारा आणि घोडीजवळची बोटे, या साऱ्यांच्या बेरजेतून जो आवाज आला, तो आजही दोन-चार स्वरांत ओळखता येतो. गिटारच्या दर्शनी भागावरचे प्लॅस्टिकचे संरक्षक पानही त्याने काढून टाकले होते. या गिटारला त्याने नाव दिले ‘बास ऑफ डूम’.

१९७६ मध्ये काय घडले?

त्याआधीची काही वर्षे जाकोने मिळेल तिथे वाजवून काढली. १९७२ मध्ये तो वेन कॉक्रन या गायकाच्या बँडबरोबर गावोगाव फिरला. काही काळ मायामी विद्यापीठात बास शिकवली. तिथेच गिटारवादक पॅट मेथिनीशी मैत्री झाली आणि मेथिनीच्या १९७६ मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमवर, ‘ब्राइट साइज लाइफ’वर, बास जाकोची आहे.

त्याच वर्षी जाकोचा स्वतःच्याच नावाचा पहिला अल्बम आला. त्याची सुरुवात ‘डोना ली’ने होते. चार्ली पार्करने १९४७ मध्ये सॅक्सोफोनवर वाजवलेली ही अतिशय वेगवान, वळणावळणांची रचना. जाकोने ती बासवर वाजवली आणि साथीला ठेवले फक्त डॉन अलायसचे काँगा. ना पियानो, ना गिटार. आजवर मागे उभे राहून खर्ज देणारे वाद्य इथे एकट्याने पुढे आले होते.

याच अल्बममधल्या ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’मध्ये त्याने पत्नीच्या नावाने केलेली रचना वाजवली. ती जवळजवळ पूर्णपणे हार्मोनिक्सवर उभी आहे. तार पूर्ण न दाबता तिच्या निम्म्या, तिसऱ्या, चौथ्या भागावर बोट नुसते टेकवले, की घंटेसारखा वरचा स्वर निघतो. हे तंत्र तंतुवाद्यांना नवे नव्हते. चार तारांच्या बासवर त्यातून अख्खी रचना बांधणे नवे होते.

‘वेदर रिपोर्ट’ने काय दिले?

जो झाविनुल आणि वेन शॉर्टर यांचा ‘वेदर रिपोर्ट’ हा तेव्हाचा आघाडीचा जॅझ फ्यूजन बँड. मायामीतल्या एका कार्यक्रमानंतर जाकोने झाविनुलला गाठून आपण जगातले सर्वश्रेष्ठ इलेक्ट्रिक बासवादक असल्याची ओळख करून दिली, तेव्हा झाविनुलने आधी त्याला हाकलूनच लावले. पुढे जाकोचे ध्वनिमुद्रण ऐकून त्याने तू इलेक्ट्रिक बासही वाजवतोस का, अशी विचारणा केल्याचा किस्सा सांगितला जातो. बिनपडद्याच्या गिटारला तो डबल बास समजला होता.

जाको १९७६ मध्ये बँडमध्ये आला. १९७७ च्या ‘हेवी वेदर’ अल्बममधले ‘बर्डलँड’ जॅझ न ऐकणाऱ्यांपर्यंतही पोहोचले. त्यातच जाकोची ‘टीन टाऊन’ ही रचना आहे, ज्यात बासबरोबर ड्रमही त्यानेच वाजवले आहेत. तेराव्या वर्षी सुटलेले वाद्य त्याने असे परत मिळवले. बँडच्या ‘८:३०’ या अल्बमला ग्रॅमी मिळाले. याच काळात जोनी मिचेलच्या ‘हेजिरा’, ‘डॉन हुआन्स रेकलेस डॉटर’ आणि ‘मिंगस’ या अल्बमवर त्याने बास वाजवली. तिथे बास गाण्याला नुसता आधार देत नाही, गायिकेशी बोलत राहते.

स्टेजवर जाको शांत उभा राहत नसे. नाचता यावे म्हणून तो स्टेजवर पावडर टाकी. एकल वादनात गिटार जमिनीवर आडवी टाकून तिच्यावरून उडी मारी. लोकांना ते आवडे, गिटारला सोसावे लागे.

गिटार झिजते म्हणजे नेमके काय होते?

त्या काळच्या अमेरिकी गिटारवरचे नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ आणि नाजूक असते. जिथे अंगठा टेकतो, जिथे हात घासतो, जिथे पट्ट्याचे बक्कल लागते, तिथला थर आधी जातो. घाम मुरतो, लाकूड काळवंडते. थंडी-उन्हात लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावतात, म्हणून बारीक भेगांचे जाळे पडते. पारदर्शक थर वर्षानुवर्षांत पिवळा पडतो.

असे अंग नव्याने करायचे तर आधी तारा, दांडी, पिकअप, घोडी सारे सुटे करावे लागते. जुना थर घासून किंवा उष्णतेने काढायचा. खोक पडली असेल तिथे ओले फडके ठेवून गरम इस्त्री फिरवली की वाफेने दबलेले तंतू थोडे फुगून वर येतात. मग वाढत्या क्रमाने बारीक पॉलिश पेपर, लाकडाची छिद्रे बुजवणारा थर, रंग आणि शेवटी लॅकरचे अनेक पातळ हात. लॅकर आतपर्यंत कडक व्हायला काही आठवडे थांबावे लागते. घाईने घासले तर काही दिवसांनी थर खाली बसतो आणि लाकडाच्या रेषा पुन्हा उमटतात.

एवढी मेहनत केल्यावर जुन्या, दुर्मीळ गिटारची किंमत वाढत नाही, चांगलीच घटते. संग्राहकाला मूळ रंग हवा असतो, मग तो कितीही उडालेला असो. म्हणून जाणकार कारागीर १९६२ च्या गिटारला पॉलिश पेपर लावण्याआधी दहा वेळा विचार करतात. जाकोच्या गिटारला हात लावणाऱ्यांना ती मुभा नव्हती.

पडझड कशी सुरू झाली?

सुरुवातीच्या वर्षांत जाको दारू आणि अमली पदार्थांपासून दूर होता. ‘वेदर रिपोर्ट’च्या काळात दोन्ही सुरू झाले आणि वाढले. १९८१ मध्ये त्याचा ‘वर्ड ऑफ माऊथ’ हा मोठ्या वाद्यवृंदाचा अल्बम आला. त्या वर्षी १ डिसेंबरला, तिसाव्या वाढदिवशी, फोर्ट लॉडरडेलमध्ये घरच्या लोकांसमोर त्याने मोठा कार्यक्रम केला. १९८२ च्या सुरुवातीला ‘वेदर रिपोर्ट’ सुटला.

त्याच वर्षी जपानच्या दौऱ्यात त्याचे वागणे सहकाऱ्यांना कळेनासे झाले. त्याने डोके भादरले, चेहऱ्याला रंग फासला, एक बास हिरोशिमाच्या खाडीत फेकून दिली. दौऱ्यानंतर डॉक्टरांनी बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकाराचे निदान केले. या आजारात माणूस कधी कमालीच्या उत्साहात आणि उन्मादात असतो, तर कधी खोल नैराश्यात. उन्मादाच्या काळात झोप कमी होते, आत्मविश्वासाला सीमा राहत नाही. जाकोचा बढाईखोरपणा, अफाट ऊर्जा आणि विक्षिप्त विनोद लोकांना आधीपासून माहीत होते. त्यामुळे कलाकाराचा स्वभाव कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, हे जवळच्यांनाही ओळखणे कठीण गेले. दारूने आजार आणखी बळावला.

उपचारही सोपे नव्हते. या आजारावर लिथियम हे जुने आणि प्रभावी औषध. पण हात थरथरणे हा त्याचा एक ज्ञात दुष्परिणाम आहे. जिथे केसभर चूक बेसूर करते, अशा वाद्याच्या वादकासाठी ही किंमत किती मोठी, हे वेगळे सांगायला नको. औषध नियमित घ्यायचे तर घर, दिनक्रम आणि कोणीतरी लक्ष ठेवणारे लागते. जाकोचे तेच एकेक सुटत गेले. दुसरी पत्नी इनग्रिडपासून त्याला जुळी मुले होती. तो संसारही मोडला. मोठ्या कंपनीचा करार गेला, क्लबचालक दारात उभे करेनात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्कमध्ये तो अनेकदा रस्त्यावर आणि बागांमध्ये राहत होता.

तुकडे कसे जोडले?

याच काळात ‘बास ऑफ डूम’चे तुकडे झाले. नुसता रंग गेला नव्हता, आल्डरचे अंगच फुटले होते. हे तुकडे केविन कॉफमन आणि जिम हॅमिल्टन या गिटार कारागिरांकडे आले.

फुटलेले लाकूड जोडताना एक गोष्ट कामी येते. लाकूड तंतूंच्या रेषेत फाटते, त्यामुळे दोन तुकड्यांच्या कडा एकमेकांत नेमक्या बसतात. चांगल्या सरसाने, योग्य दाबात जोडलेला सांधा आजूबाजूच्या लाकडाइतकाच मजबूत होऊ शकतो. पण बारीक ढलप्या हरवलेल्या असतात, तिथे भर घालावी लागते. शिवाय इतके सांधे असलेल्या अंगावर चार जाड तारांचा कायमचा ताण येणार. म्हणून कारागिरांनी जोडलेल्या अंगावर पुढून आणि मागून मेपलचे व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवला. या पापुद्र्याने सारे सांधे दोन्ही बाजूंनी आवळून धरले. त्यावर पुन्हा सनबर्स्ट चढवला आणि वरून पारदर्शक थर दिला.

लाटांसारख्या रेषांचे हे मेपल १९६२ च्या गिटारवर कधीच नव्हते. संग्राहकाच्या हिशेबात मूळ रंगाबरोबर मूळ रूपही गेले. पण गिटार वाजू लागली. तारेचे कंपन पकडणारे पिकअप आणि तार टेकते ती एपॉक्सीची पट्टी यांत तिचा आवाज बराचसा होता. ती पोकळ अंगाची असती, डबल बाससारखी, तर एवढ्या तुकड्यांतून तोच आवाज परत येणे जवळपास अशक्य होते. जाकोने तरुणपणी तडा गेलेले वाद्य सोडून भरीव गिटार धरली होती. त्या निवडीचा असा उपयोग होईल, हे तेव्हा कोणाला वाटले असेल?

चोरी आणि शेवट

दुरुस्त झालेली गिटार जाकोकडे फार काळ राहिली नाही. १९८६ मध्ये मॅनहॅटनमधील एका बागेच्या बाकावरून ती चोरीला गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जुलैमध्ये, इनग्रिड आणि भाऊ ग्रेगरी यांनी पुढाकार घेऊन जाकोला न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल केले. तिथे डॉक्टरांनी लिथियमऐवजी कार्बामाझेपीन हे औषध दिले. वर्षाअखेरीस तो फ्लोरिडाला परतला. गाव घरचे होते, पण तो सावरला नाही. पुन्हा दारू, पुन्हा रस्ता.

११ सप्टेंबर १९८७ च्या रात्री तो कार्लोस सांतानाच्या कार्यक्रमात न विचारता स्टेजवर चढला. त्याला बाहेर काढण्यात आले. तिथून तो विल्टन मॅनर्समधल्या एका नाइट क्लबवर गेला. आत घेतले नाही म्हणून त्याने काचेच्या दाराला लाथ मारली आणि क्लबच्या व्यवस्थापकाशी झटापट झाली. जाकोच्या चेहऱ्याची हाडे मोडली, डोक्याला गंभीर मार बसला, तो कोमात गेला. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर कुटुंबाने कृत्रिम श्वसन थांबवण्याचा निर्णय घेतला. २१ सप्टेंबर १९८७ रोजी त्याचा मृत्यू झाला. व्यवस्थापकाने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. त्याला २२ महिन्यांची शिक्षा झाली आणि चार महिन्यांनी तो सुटला.

१९८८ मध्ये ‘डाउनबीट’ या जॅझविषयक मासिकाच्या वाचकांनी जाकोची मानाच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी निवड केली. हा मान मिळालेला तो पहिला इलेक्ट्रिक बासवादक.

गिटार सापडली कशी, आणि ती कोणाची?

सुमारे वीस वर्षे ‘बास ऑफ डूम’चा पत्ता नव्हता. २००६ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये जुन्या गिटारच्या एका संग्राहकाकडे असल्याचे समोर आले. जुन्या गिटारची ओळख सहसा मूळ रंग आणि मूळ भागांवरून पटवतात. इथे उलट होते. पुढून-मागून मेपलचा पापुद्रा चढवलेली, बिनपडद्याची, एपॉक्सीची पट्टी असलेली १९६२ ची जॅझ बास दुसरी कुठे मिळणार? ज्या दुरुस्तीने तिचे मूळ रूप झाकले, तीच तिची खूण ठरली.

ओळख पटली तरी ताबा मिळेना. कुटुंबाचे म्हणणे, ही चोरीची वस्तू आहे. समोरचा ती सहज सोडायला तयार नव्हता. अखेर २०१० मध्ये ‘मेटॅलिका’चा बासवादक रॉबर्ट ट्रुहियो मदतीला आला. लहानपणापासून जाकोचा चाहता असलेल्या ट्रुहियोने पैसे घालून गिटार सोडवली. जाकोच्या आयुष्यावरील माहितीपटाची निर्मितीही पुढे त्यानेच केली.

आता काय उरले?

फेंडर कंपनीने जाकोच्या नावाने बिनपडद्याची जॅझ बास काढली. तिच्या कस्टम शॉपमधल्या प्रतिकृतीवर रंग उडाल्याच्या खुणा कारखान्यातच मुद्दाम केल्या जातात. म्हणजे एकीकडे खरी गिटार नव्या मेपलखाली झाकलेली आणि दुसरीकडे नवी गिटार जुनी दिसावी म्हणून घासलेली. जुन्या गिटारचा रंग काढावा की नाही, हा वाद घालणाऱ्यांनी या दोन्ही समोर ठेवून पाहाव्यात.

ओकलंड पार्कमध्ये २००८ पासून जाकोच्या नावाची बाग आहे. जुळ्यांपैकी फेलिक्स बासवादक झाला. आणि ‘बास ऑफ डूम’ सोडवताना ट्रुहियोने कुटुंबाशी एक अट मान्य केली होती. जाकोच्या घरच्यांना गिटार परत हवी असेल तेव्हा, त्याने मोजले तेवढ्याच पैशांत ती त्यांना द्यायची. बाजारात तिचा भाव कितीही चढला तरी एक डॉलरही जास्त घ्यायचा नाही.